काटा हलू द्यायचा नाही

खारदेवीच्या कॉलनीत कुणी कुणाशी भांडत नसे, आणि नेमकी हीच गोष्ट कुमुद तांडेलच्या डोक्यात जायची.

नळाला पाणी आलं नाही तरी बायका कळशा घेऊन गप उभ्या. कुणाची स्कूटर कुणाच्या तुळशीवर जाऊन आदळली तरी तुळशीवाला म्हणणार, "असू द्या, होतं असं." मैदानात खोटं आऊट दिलेला पोरगासुद्धा निमूट बॅट ठेवून जायचा, कारण घरी बापाचं बघून तेच शिकलेला. कुमुदला वाटायचं, एकेकाला धरून गदागदा हलवावं आणि बघावं आत काही खुळखुळतं का.

याचं कारण अणुवीज केंद्रात कामाला असलेल्या सगळ्यांच्या मनगटावर होतं. राखाडी पट्टा, त्यावर एक बारका दिवा. दिवा हिरवा म्हणजे माणूस ठीक. पिवळा म्हणजे सांभाळा. लाल म्हणजे पुढचा अख्खा दिवस अणुभट्टीच्या इमारतीत पाय ठेवायचा नाही, कंट्रोल रूममध्ये बसायचं नाही, आणि त्या वर्षी बढतीचं नाव काढायचं नाही.

हा पट्टा मुळात माणसांसाठी नव्हताच.

अणुवीज केंद्र म्हातारं होतं म्हणजे काय होतं? लोकांना वाटतं भट्टी झिजते. भट्टी दमानं झिजते, तिच्या आधी म्हाताऱ्या होतात तिच्या नसा. भिंतीभिंतींतून केबल गेलेल्या असतात. त्यांचं रबर उष्णतेनं आणि किरणोत्सर्गानं कडक होत जातं, आणि एक दिवस हात लावला की वाळक्या शेंगेसारखं तडकतं. रिलेचे, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचांचे, संपर्क काजळतात. दाब आणि पाण्याची पातळी मोजणारे ट्रान्समीटर आतल्या आत बिघडत जातात. पूर्वी दर वर्षी भट्टी थांबवून यातलं एकेक उघडून तपासायचे. जाम वेळ जायचा. मग 'नाडी' आली. नाडी म्हणजे एक संगणक. तो प्रत्येक यंत्राचा सिग्नल सतत ऐकतो आणि काहीही न उघडता सांगतो की हे अजून चालेल, ते काढा. निरोगी यंत्र कसं असतं हे नाडीला कुणी शिकवलं नाही. केंद्राच्या जुन्या सगळ्या नोंदी तिच्यापुढे ओतल्या आणि ती आपली आपण शिकली. शिकली काय, तर ज्याचा काटा शांत तो निरोगी. ज्याचा थरथरतो तो गेला.

मग मुख्यालयातल्या कुणा हुशार डोक्यानं विचार केला, माणसंही बिघडतात, त्यांनाही लावा की नाडी. पट्टे आले. पट्ट्यांपाठोपाठ कॉलनीच्या मेडिकलमध्ये एक गोळी आली. तिचं खरं नाव कुणाला धड उच्चारता येत नव्हतं, सगळे तिला 'गारवा' म्हणायचे. सकाळी पोहे, चहा, वर एक गारवा. छातीचा ठोका एका चालीत. दिवा हिरवा.

कुमुद गारवा घेत नसे. ती केंद्रात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होती, हात चांगला होता, म्हणून अजून टिकून होती. तिचा दिवा आठवड्याला एकदा तरी पिवळा व्हायचा.

तिचा नवरा जयवंत दोन नंबरच्या भट्टीचा शिफ्ट इन्चार्ज. त्याचा दिवा कधी पिवळासुद्धा झाला नव्हता. गेल्या वर्षी त्याची आई गेली, तेव्हा 'लगेच ये' म्हणून फोन त्याला कंट्रोल रूममध्येच आला. त्यानं फोन ठेवला, पाळी संपवली, मग घरी आला. दिवा हिरवा. अख्ख्या कॉलनीनं कौतुक केलं. केंद्रप्रमुखांनी स्टेजवर बोलावून स्थैर्याचं मानचिन्ह दिलं. ते टीव्हीच्या वर ठेवलेलं होतं, आणि कुमुद सगळं घर पुसायची पण त्याच्यावरची धूळ पुसत नसे.

नवरात्र चालू होतं. दोन नंबरची भट्टी देखभालीसाठी बंद होती आणि दसऱ्याच्या सकाळी, मुहूर्तावर, पुन्हा सुरू व्हायची होती. एकदा सुरू झाली की पुढची तीन वर्षं तिला कुणी हात लावणार नव्हतं, कारण नाडीनं सगळं ठीक म्हटलं होतं.

आणि तिथेच कुमुदचं बिनसलं.

"हा काटा बघा, कुमुदताई," केळुस्कर मॅडम म्हणाल्या. मॅडम इंजिनियर, कुमुदपेक्षा वयानं लहान, नाडीच्या दाखल्यांवर सही त्यांची. समोर पडद्यावर तीन काटे होते. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी तीन ट्रान्समीटर वेगवेगळी मोजतात, त्यांचे. दोन काटे फोटोतल्यासारखे गप. तिसरा थरथरत होता. तिसरा नवा होता. जुन्याच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला म्हणून कुमुदनं त्याच आठवड्यात तो बदलला होता.

"थरथरणारच," कुमुद म्हणाली. "पंप लावलाय, आत पाणी डुचमळतंय. पाणी हलतंय तर काटा नको हलायला?"

"बाकीचे दोन हलत नाहीयेत."

"तेच म्हणते मी. ते का हलत नाहीयेत?"

मॅडमनी इकडेतिकडे बघितलं. वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ट्रान्समीटरच्या पोटात तेल असतं. पाण्याचा दाब त्या तेलातून आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. वर्षानुवर्षं ते तेल बारीक बारीक गळतं. पाणी स्थिर असेल तर म्हातारा ट्रान्समीटरही आकडा बरोबर दाखवतो. पण पाणी एकदम उतरलं तर त्याला कळायला वेळ लागतो. आणि असा सुस्त झाला की बारीक थरथर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून काटा शांत."

"म्हणजे नाडी सगळं उलटं शिकलीये."

"नाडी नोंदींवरून शिकली. नोंदी तुमच्याच लोकांनी केल्यात."

हे मात्र कुमुदला झोंबलं, कारण खरं होतं.

तिचा सासरा काशिनाथ तांडेल या वर्कशॉपचा जुना फोरमन. कुमुद त्याला मामा म्हणायची, सासूला मामी. ती शिकाऊ म्हणून आली तेव्हा अजून त्याची सून झाली नव्हती, आणि पहिल्याच दिवशी मामांनी तिला धडा दिला होता: तपासणीचे साहेब यायच्या आधी आवरून घ्यायचं. पाहुणा यायच्या आधी घरातला पसारा आवरतो तसं. ट्रान्समीटरला डॅम्पिंगचा एक स्क्रू असतो, तो फिरवला की काट्याची थरथर मरते. साहेब आले की सगळे काटे कसे सरळ, शिस्तीत. साहेब खूश. मामांची छाती वर. "माझ्या हाताखाली एक काटा कधी हललेला सापडला नाही," असं ते अजून सांगायचे. यात लपवाछपवी नव्हती. सगळेच आवरून घ्यायचे, कुमुदनंही घेतलं होतं. पाहुण्याला पसारा दाखवायचा का? आणि त्या आवरलेल्या घराचे फोटो बघून नाडी शिकली होती की घर असंच असतं.

"मॅडम, ऐका," कुमुद म्हणाली. "उद्या पाण्याचा पंप बंद पडला आणि बॉयलरची पातळी घसरली, तर भट्टी आपोआप बंद कधी होते? तिघांतले दोघं ओरडले की. नवा ओरडेल. जुने दोघं जांभया देत बसतील. तोवर बॉयलर कोरडा, भट्टी तापलेली."

"त्याच्यामागे दुसऱ्या यंत्रणा आहेत."

"त्यांचेही काटे शांतच आहेत ना?"

मॅडमनी पडद्याकडे बघितलं. मग त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुसला, परत ठेवला.

"केंद्राला पुढची वीस वर्षं चालायची परवानगी मिळालीय ती नाडीच्या दाखल्यावर. इथे नाडी चुकली म्हटलं की मागचे सगळे दाखले चुकले. ते मी म्हणायचं? तुम्ही स्क्रू फिरवा आणि नवा काटा बाकीच्यांशी जुळवून घ्या. नाहीतर मी दुसऱ्याला सांगते. तो फिरवताना तोंडसुद्धा वाकडं करणार नाही."

कुमुदच्या पट्ट्यावर पिवळा दिवा लागला होता. मॅडमचा हिरवा.

कुमुदनं जाऊन स्क्रू फिरवला. रागाच्या भरात माणसं काहीतरी फोडतात. हिनं रागाच्या भरात सांगितलेलं ऐकलं. पडद्यावर तिसरा काटाही गप झाला, आणि तीन मढी ओळीनं निजवल्यासारखी दिसायला लागली.

अष्टमीला दुपारी कँटीनमध्ये साबुदाण्याचे वडे होते. लांब रांग. कढईतलं तेल तापता तापता भडकलं, जाळ छताच्या पंख्याला टेकला. आचारी मागे भांडी घेत होता. रांग उभी होती.

एकजण म्हणाला, "तेल पेटलं वाटतं."

दुसरा म्हणाला, "हो."

आणि मग कुणीच काही म्हणालं नाही. सगळे जाळाकडे बघत होते, बस चुकली तर माणूस बसच्या मागे बघतो तसे. कुमुद रांगेच्या शेवटी होती. ती माणसं ढकलत पुढे आली, टोपाचं मोठं झाकण उचलून कढईवर आपटलं, गॅस बंद केला, आणि मागे वळून म्हणाली, "मेलात का सगळे? का कुणी पेटायची वाट बघताय?"

सगळे तिच्या मनगटाकडे बघत होते. लाल.

"काळजी घे गं," स्टोअरचे शिंगरे म्हणाले. अगदी मायेनं. "एवढं मनाला लावून घेऊ नये."

जाळ विझवणारी लाल आणि जाळ बघणारे हिरवे. हसावं की रडावं, कुमुदला कळेना.

याच कँटीननं एकदा शिळ्या मासळीनं अख्खी पाळी आडवी केली होती. सगळे पट्टे एकदम लाल झाले होते. तेव्हापासून नियम होता: एका पाळीतल्या निम्म्याहून जास्त माणसांचे पट्टे एकाच वेळी लाल झाले तर नाडी थेट मुख्यालयाला कळवते, आणि बाहेरची तपासणीची माणसं येऊन सगळं उघडून बघेपर्यंत भट्टी सुरू होत नाही. म्हणजे माणसं एकत्र बिघडली तर नाडीला कळायचं. यंत्रं एकत्र बिघडली तर कळत नव्हतं.

संध्याकाळी घरी मामा दारातच खुर्ची टाकून बसले होते. निवृत्त माणूस, त्यांना पट्टा नव्हता. पट्टा नसल्यामुळे त्यांची जीभ अजून शाबूत होती.

"लाल होऊन आलीस म्हणे. तांडेलांच्या घरात आजवर कुणी लाल झालं नव्हतं."

"तांडेलांच्या घरात आजवर कढई पण पेटली नसेल, मामा."

"आचारी होता ना तिथे? तू कशाला मध्ये? सगळीकडे नाक खुपसायचं."

जयवंत आत चटईवर बसून शर्टाची गुंडी शिवत होता. कुमुद त्याच्या पुढ्यात जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तीन काटे, तेल, स्क्रू, मॅडम काय म्हणाल्या ते. "परवा सकाळी तू भट्टी चालू करणार. तुझ्यासमोर तीन काटे असतील आणि तिन्ही झोपलेले असतील. पाणी गेलं तर तुला सगळ्यात शेवटी कळेल. कळतंय का तुला, मी काय म्हणतेय?"

जयवंतनं सुईतला दोरा दातानं तोडला. "नाडी हिरवी आहे, कुमुद."

"मी सांगतेय. तुझी बायको."

"तू लाल आहेस," तो म्हणाला.

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. हवामान सांगावं तसं सांगितलं त्यानं.

"भांड माझ्याशी," कुमुद म्हणाली. "चुकीची आहे म्हण, वेडी आहे म्हण, उठून काहीतरी आपट. एकदा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू दमलीयेस." आणि शर्ट घडी घालून ठेवला.

बाहेरून मामा म्हणाले, "शीक जरा त्याच्याकडून."

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असायची. लांब टेबलावर पांढरी चादर, त्यावर पाने-पकडी, मीटर, सोल्डरिंग आयर्न, मामांच्या काळातला दाब तपासायचा पितळी हातपंप, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. आणि खारदेवीची नवमी निर्जळी. देवीचा नैवेद्य होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, हे गाव बसलं तेव्हापासूनचं, कॉलनीनंही उचललेलं. उद्या भट्टी सुरू करणारी सगळी पाळी तिथे उभी होती, सुकल्या ओठांनी. जयवंत पुढे. केळुस्कर मॅडम नवी साडी नेसून. पूजा सांगायला दर वर्षीप्रमाणे मामा.

वर्कशॉप भट्टीच्या इमारतीबाहेर होतं, तिथे लाल पट्टा चालायचा. कुमुद दाराशी उभी राहून टेबलाकडे बघत होती. झेंडूच्या माळेत, पितळी पंपाशेजारी, कुणीतरी तिनं काढलेला जुना ट्रान्समीटर मांडला होता. इतकी वर्षं सेवा केली म्हणून त्यालाही कुंकू. कपाळाला टिळा लावून बसलेला आजोबा जसा.

मामांनी ताटात कापूर ठेवला.

कुमुद पुढे गेली आणि तिनं पंप उचलला. माळ ओघळून खाली पडली.

"ठेव ते," मामा म्हणाले. "आज हात लावायचा नसतो. अक्कल आहे का?"

कुमुदनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जुना ट्रान्समीटर उचलला, कपाटातून एक कोरा नवा काढला, पंपाच्या नळीला दुहेरी जोड लावून दोन्ही एकाच नळीवर बसवले. दोघांना एकेक मीटर जोडला. हात सवयीचे, फार वेळ लागला नाही. लोक बघत होते. थांबवायला कुणी पुढे झालं नाही, ही त्या माणसांची एकच सोय होती.

"दोघांवर हवेचा दाब एकच," ती म्हणाली आणि पंप मारायला लागली. दोन्ही मीटरचे आकडे चढले. नवा भरभर, जुना मागून रखडत. ती थांबली. जुना येऊन नव्याच्या शेजारी उभा राहिला. "आता दोघं सारखे. नाडी म्हणेल, झकास. मामा, कापूर लावा."

"काय?"

"लावायचाच आहे ना? लावा."

मामांनी काडी ओढली. कापूर पेटला, आणि त्याच क्षणी कुमुदनं पंपाची चावी उघडली. फुस्स करून हवा गेली. नव्याचा आकडा दगड टाकल्यासारखा शून्यावर आला.

जुना जागचा हललाच नाही. मग हलला. बाळंतीण जिना उतरते तसा एकेक आकडा उतरायला लागला. कापराची ज्योत उंच झाली, बुटकी झाली, ताटात पसरली. कुणी टाळी वाजवली नाही, आरती कुणी सुरू केली नाही. ज्योत निळी झाली आणि विझली. ताटात काळा डाग उरला. आकडा अजून उतरतच होता.

"तो दोन नंबरच्या बॉयलरवर होता," कुमुद म्हणाली. "त्याचे दोन भाऊ अजून तिथे आहेत. एकाच खेपेला आलेले, एकाच तापलेल्या भिंतीवर लावलेले. आणि तिसरा मी माझ्या हातानं झोपवून आलेय. उद्या हेच तुम्हाला सांगणार की पाणी गेलं."

मग शिंगरे म्हणाले, "पोचला की खाली. पोचला ना शेवटी."

दोघातिघांनी मान डोलावली.

"तो नादुरुस्त म्हणूनच काढला होता," मागून कुणीतरी म्हणालं.

"काढायच्या दिवसापर्यंत नाडीनं त्याला उत्तम म्हटलं होतं. विचारा मॅडमना."

मॅडम जुन्या ट्रान्समीटरच्या मीटरकडे बघत होत्या. त्यांच्या मनगटावरचा दिवा पिवळा झाला, आणि कुमुद बघत असतानाच लाल.

कुमुदचे डोळे तिथेच अडकले. मॅडम रोज सकाळी पाण्याच्या बाटलीबरोबर गारवा घ्यायच्या, तिनं स्वतः बघितलं होतं. आज बाटली नव्हती. आज नवमी. पाण्याचा थेंब नाही, म्हणजे गोळी नाही. यातल्या कुणाच्याच पोटात आज गारवा नव्हता. ही माणसं गप होती ती नुसत्या सवयीनं.

तिनं खोलीभर नजर फिरवली. निम्म्याहून जास्त दिवे लाल लागणार होते.

"शिंगरे," ती म्हणाली, "तुमच्या बायकोला अंगणात साप चावला तेव्हा तुम्ही आधी चपला सरळ लावल्यात आणि मग गाडी काढलीत. ती अख्ख्या कॉलनीला सांगते. हसत सांगते, पण ज्या दिवशी तुम्हाला काही होईल ना, त्या दिवशी ती पण आधी वेणी घालेल."

शिंगऱ्यांचं तोंड उघडलं. दिवा पिवळा.

"तुम्ही हसू नका, मोरजे. तुमच्या पोराला मैदानात तिघांनी धरून मारलं आणि तुम्ही गॅलरीतून बघत होतात, हात पुसत. पोरगं वर बघत होतं तुमच्याकडे. मी खाली होते. मी बघितलंय त्याचं तोंड."

"ए, जास्त बोलू नकोस," मोरजे म्हणाले. कॉलनीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाचा आवाज चढला होता. लाल.

"काल कढईसमोर कोण कोण उभं होतं? तू होतास, तू होतास, तुम्ही पण. पंखा पेटला असता तर पंख्याखालची पोरगी कुणाची होती, गोवेकर? तुमच्याच हाताखालची शिकाऊ ना? तिच्या केसांवर ठिणग्या पडत होत्या आणि तुम्ही ताट धरून उभे."

एकेक करून गेली माणसं. कुणी ओरडलं, कुणी ताट भिरकावलं, कुणी नुसतं उभ्या जागी थरथरायला लागलं. दिवे पटापट पिवळे होत होते, लाल होत होते. केंद्रप्रमुखांना कुणीतरी फोन लावत होतं. मामांना पट्टा नव्हता, पण तेच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते, "देवीसमोर हे काय चाललंय? हाकला हिला."

"मामा, तुमचा काटा कधी हलला नाही ना? मामी दोन दिवस पोट धरून बसल्या होत्या. तुम्ही त्यांनाही म्हणालात, गप पड, होईल बरं. आवरून घेतलंत त्यांना. शेवटी डॉक्टर आला तेव्हा घर कसं शांत होतं."

मामांचा हात वर आला आणि तसाच राहिला. मग ते खुर्चीवर बसले.

कुमुदनं मोजलं. कमी पडत होते. एकच. जयवंत सगळ्यांत पुढे उभा होता, हात मागे बांधून, दिवा हिरवा. भर वादळात खांब उभा असावा तसा.

तिला माहीत होतं काय बोलायचं ते. गेलं वर्षभर ते तिच्या जिभेवर होतं आणि तिनं ते गिळलं होतं, कारण एकदा बोललं की परत आत घालता येणार नव्हतं. ती त्याच्याजवळ गेली. हळूच बोलली, पण तेवढ्यात सगळे गप झाले होते आणि सगळ्यांनी ऐकलं.

"तुझी आई मेली तेव्हा तुझा दिवा हिरवा होता. तुला वाटतं तू दुःख सहन केलंस. तुला कळलंच नव्हतं, जयवंत. अजून कळलेलं नाहीये. ती शेवटी तुला हाका मारत होती. मी तिला सांगितलं, येतोय, रस्त्यात आहे. तू रस्त्यात नव्हतास. तू काटे बघत होतास."

जयवंत उभा राहिला. नेहमीसारखाच. कुमुदला वाटलं, संपलं, हा हलणार नाही. मग त्याच्या गळ्याजवळची शीर उडायला लागली. त्याचा हात मागून सुटला आणि टेबलावर आपटला, एवढ्या जोरात की पाने उडाले, ताट खाली गेलं, कुंकू सगळ्यांच्या पायांवर सांडलं. तो ओरडला. शब्द नव्हता त्यात. नुसता आवाज, वर्षभर कुठेतरी नळीत अडकलेला.

त्याच्या मनगटावर लाल दिवा लागला आणि वर्कशॉपच्या छतावरचा भोंगा वाजायला लागला. नाडीनं मुख्यालयाला कळवलं होतं.

केळुस्कर मॅडमनी तो जुना ट्रान्समीटर नळीवरून सोडवला आणि छातीशी धरला. "हा कुणी हलवायचा नाही," त्या म्हणाल्या. "बाहेरची माणसं येईपर्यंत माझ्याकडे राहील." कुमुदकडे त्यांनी बघितलं नाही. कुणीच बघत नव्हतं. ती दारातून बाहेर पडली तेव्हा माणसांनी तिला वाट दिली, अंगाला अंग लागू नये म्हणून.

उद्याचा दसऱ्याचा मुहूर्त टळला होता. तिला आनंद व्हायला हवा होता. पण कॉलनीच्या रस्त्यावर, गॅलऱ्यागॅलऱ्यांतून, लोक भांडत होते. कुणीतरी कुणाला स्कूटर आणि तुळशीवरून शिव्या घालत होतं.

मागून पावलं आली. जयवंत. शर्टाची कालच शिवलेली गुंडी तुटलेली, हाताला कुंकू.

"तू ते सगळ्यांसमोर बोललीस," तो म्हणाला.

"हो."

"घरी बोलायचंस. माझ्यापाशी बोलायचंस. मी तुला कधी माफ करणार नाही, ऐकतेयस का? ती काय म्हणत होती? कुठल्या नावानं हाका मारत होती? सांग. बाळू म्हणत होती का?"

"वर्षभर विचारलं नाहीस, आणि आता रस्त्यात..."

"सांग," तो म्हणाला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत.